आदिरे एलेको: खळीनं चितारायचं, निळीत बुडवायचं, आणि छापील नकल ओळखायची

नायजेरियाच्या नैऋत्येला, ओगुन राज्यात आबेओकुटा हे एग्बा योरुबा लोकांचं शहर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या बायकांनी विलायतेतून येणाऱ्या मांजरपाटावर निळीचं काम करून एक धंदा उभा केला. हेच आदिरे. १९२० च्या दशकात गोल्ड कोस्ट (आजचा घाना) आणि सेनेगलचे व्यापारी ते घ्यायला आबेओकुटात येऊन राहत. पुढे १९४७ ते १९४९ च्या दरम्यान याच शहरातल्या बाजारकरणी बायकांनी कराविरुद्ध उठाव केला आणि त्यात त्यांच्या राजाला, अलाके (ही तिथल्या राजाची पदवी) अडेमोला दुसरे यांना, गादी सोडावी लागली.

फॅशनच्या पुस्तकात पहिली गोष्ट येते, राजकारणाच्या पुस्तकात दुसरी. आदिरे स्वतः करून पाहणाऱ्याला मात्र दोन्ही एकत्रच समजून घ्याव्या लागतात, कारण उधारी, दर, रंगाची प्रत आणि मेहनतीचा हिशेब हे सगळं रंगाच्या रांजणापाशीच सुरू होतं. म्हणून इथे कृतीच्या ओघात तो इतिहासही येईल.

कोणतं आदिरे करायचं

ओनिको म्हणजे कापडाला राफिया ताडाच्या धाग्यानं गाठी मारून केलेलं. आत खडे किंवा बिया बांधल्या की गोल उमटतात. अलाबेरे म्हणजे टाक्यांनी चुण्या घालून, दोरा घट्ट ओढून रंगवलेलं. दोन्ही सोपी आहेत आणि एका दिवसात जमतात. एलेको म्हणजे कसाव्याच्या खळीनं चितारलेलं. खळ सुकल्यावर कापड निळीत बुडवतात आणि जिथे खळ आहे तिथे रंग कमी चढतो. कसब लागतं ते एलेकोला, आणि बाजारात नकलाही त्याच्याच जास्त होतात. पुढची कृती एलेकोची आहे.

नेसायचं पूर्ण आदिरे म्हणजे साधारण दोन मीटर लांबीच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी जोडून झालेला जवळपास चौरस तुकडा. पहिल्यांदाच करत असाल तर एकच पट्टी घ्या: दोन मीटर लांब, ९० सेंटिमीटर पन्ह्याची.

कापड

शंभर टक्के सुती हवं. घट्ट विणीचं मांजरपाट किंवा कॅम्ब्रिक उत्तम. विरळ विणीच्या कापडात खळ आरपार जाऊन मागे गोळे होतात. फार जाड कापडात ती वरच राहते आणि वाळल्यावर पापडासारखी सुटून येते. पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर निळीचा रंग फिका, करडा येतो आणि कितीही बुड्या दिल्या तरी गडद होत नाही.

नव्या कापडाला गिरणीची कांजी असते. ती काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. कापड वजन करून घ्या. वजनाच्या २ टक्के वॉशिंग सोडा आणि थोडा साबण भरपूर पाण्यात घालून कापड तासभर उकळा. पाणी पिवळट होईल. नीट खळबळून वाळवा आणि वर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब लगेच जिरला तर काम झालं. मण्यासारखा उभा राहिला तर पुन्हा उकळा. रंगात दिसणारे निम्मे डाग या पायरीवर झालेल्या घाईचे असतात, आणि नंतर दोष रांजणाला दिला जातो.

खळ

कसावा म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा होतो तोच. एलेकोसाठी त्याचं बारीक पीठ लागतं. सुरुवातीचं प्रमाण असं धरा:

पाणी १ लिटर
कसाव्याचं पीठ १०० ग्रॅम
तुरटी ५ ग्रॅम
मोरचूद ३ ग्रॅम

पीठ आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग मंद आचेवर सारखं ढवळत शिजवा. मिश्रण पांढरं असतं ते अर्धपारदर्शक होतं आणि पळीला जड लागायला लागतं. तुरटी आणि मोरचूद वेगवेगळ्या वाट्यांत थोड्या गरम पाण्यात विरघळवून शेवटी घाला, दोन मिनिटं ढवळा, उतरवा आणि कोमट असतानाच मलमलीच्या फडक्यातून पिळून गाळा. गाळलं नाही तर पिसाच्या टोकाला कण अडकतो आणि रेघ तुटते.

नुसती खळ अल्कधर्मी निळीत मऊ पडून सुटू लागते. तुरटी आणि मोरचूद तिला तग धरायला मदत करतात, शिवाय मोरचुदामुळे बुरशी लागत नाही. पण मोरचूद विषारी आहे. त्याची भांडी, पळी, फडकं स्वयंपाकात परत नेऊ नका, हातमोजे घाला, उरलेली खळ विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका. ३ ग्रॅमचे १० ग्रॅम केल्यानं खळ जास्त चिवट होत नाही.

दाटपणाची परीक्षा कापडाच्या एका तुकड्यावर करा. पिसानं काढलेली दोन मिलिमीटरची रेघ पाच मिनिटांनी तेवढीच राहिली तर खळ बरोबर आहे. पसरली तर पुन्हा थोडी आटवा. पीस खरडत चालत असेल तर चमचाभर गरम पाणी घाला. दोन मीटरच्या पट्टीला साधारण अर्धा लिटर लागते, भरगच्च नक्षीला जास्त. पट्टी एकाच घाण्याच्या खळीत पुरी करा, कारण दोन वेळच्या खळींची रंग अडवायची ताकद सारखी नसते आणि रंगल्यावर कापडाचे दोन भाग वेगळे दिसतात. झाकून ठेवलेली खळ दोन-तीन दिवस टिकते. आंबट वास आला आणि ती पातळ झाली की टाकून द्या.

चितारणं

कापड सपाट टेबलावर पसरा. पट्टी-पेन्सिलीनं रेघा आखू नका. कापडाची घडी घाला, नखानं चुणी पाडा, उलगडा. त्या चुण्यांच्या जाळीत चौकटी मिळतात. योरुबा बायका अशाच चौकटी पाडतात. म्हणूनच अस्सल आदिरेच्या चौकटी हातभर अंतरावरून सारख्या वाटतात आणि जवळून पाहिलं की एकमेकींपासून अर्धा-एक सेंटिमीटर सरकलेल्या असतात.

हत्यारं साधी असतात: कोंबडीच्या पिसाची काडी, ताडाच्या पानाची शीर, जाड ठिपक्यांसाठी आगकाडी. पिसाचं टोक तिरपं कापून घ्या. पूर्वी पत्र्याचे साचेही वापरत. ते बहुधा पुरुष कापून देत, आणि साच्यावरून पातीनं खळ ओढून काम पटापट होई. साच्याचं काम ओळखायला सोपं असतं, कारण एकच आकृती तंतोतंत परत येते आणि रेघांमध्ये छोटे पूल राहतात.

नक्षी म्हणजे केवळ शोभा नव्हे. 'इबादानदुन'मध्ये इबादान शहरातल्या मापो हॉलचे खांब असतात, मधे चमचे. हा हॉल १९२९ चा, वसाहत काळातलं दिमाखदार सरकारी बांधकाम. १९३५ साली इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव झाला, त्यावरून राजा-राणीच्या चित्रांचं 'जुबिली' आदिरे निघालं आणि साच्यांच्या जोरावर खूप खपलं. साम्राज्याचा राजा एग्बा बाईच्या कमरेला गुंडाळला गेला, यातला मान किती आणि मिश्किली किती हे ज्याचं त्यानं ठरवावं. 'ओलोकुन' ही समुद्राच्या देवतेच्या नावाची नक्षी. शिकणाऱ्यानं आधी तिच्यातली साधी घरं घ्यावीत: चौकटीत पान, चौकटीत मासा, कडेला ठिपक्यांची ओळ. रेघ बारीक ठेवायचा मोह होतो, पण दीड मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ आठ बुड्यांत पुसट होते.

खळ कापडाच्या एकाच बाजूला लावायची. म्हणूनच एलेकोतली नक्षी पांढरी शुभ्र न दिसता फिकट निळी दिसते, कारण मागून रंग थोडा चढतोच. त्याला दोष समजून कुणी दोन्ही बाजूंना खळ लावतं. मग ते मेणाच्या कामासारखं दिसतं, आणि मेणाचं काम हवं असेल तर मेणच वापरावं.

वाळवताना पहिले काही तास पट्टी आडवी राहू द्या. ओल्या खळीचं कापड दोरीवर टाकलं तर रेघा खाली ओघळतात. वर साय धरल्यावर सावलीत दोरीवर टाका आणि पूर्ण वाळू द्या. एक दिवस, दमट हवेत दोन. टिचकी मारली की खळ कडक वाजली पाहिजे. आबेओकुटात पावसाळ्यात खळ आतून ओली राहते, आणि सहारावरून हरमॅटनचा कोरडा वारा सुटला की ती तडकते. तडा गेला तिथे गडद निळी शीर उमटते. एखाद-दुसरी शीर शोभते, जाळं पडलं तर पट्टी बिघडली समजा.

निळीचा रांजण

पूर्वीची रीत अशी. एलू नावाच्या वेलीची कोवळी पानं कुटून त्यांचे गोळे वाळवत. लाकडाची राख तळाला भोकं असलेल्या मडक्यात भरून तिच्यावर पाणी ओतत. खालच्या मडक्यात ठिबकणारं राखेचं तीव्र पाणी धरत आणि त्यात एलूचे गोळे आठवडाभर आंबवत. हे काम रंगाऱ्या बाईचं, तिला अलारो म्हणत. कापडावर नक्षी करणारी, माल घेणारी-विकणारी ती अलादिरे. अलादिरे कापड घेऊन अलारोकडे जाई आणि रंगवण्याचे पैसे मोजून देई. धंदा दोन हातांचा होता, म्हणून प्रत घसरली की भांडण लगेच सुरू व्हायचं.

घरी करायला चुना-फ्रुक्टोजचा रांजण सोयीचा. प्रमाण सोपं आहे: नीळ १ भाग, विरवलेल्या चुन्याची पूड २ भाग, फ्रुक्टोज ३ भाग, सगळं वजनानं. ४० लिटरच्या रांजणाला:

नीळ २०० ग्रॅम
चुना ४०० ग्रॅम
फ्रुक्टोज ६०० ग्रॅम

पिंप उभट आणि झाकणाचं घ्या. रुंद टबात हवेशी संपर्क जास्त होतो आणि नीळ वाया जाते. नीळ आधी गरम पाण्यात कालवून, बाटलीत चार गोट्या टाकून दहा मिनिटं हलवा, म्हणजे कोरडा कण राहत नाही. पिंपात ५० ते ६० अंश सेल्सिअसचं पाणी घ्या, फ्रुक्टोज विरघळवा, नीळ ओता, आणि चुना हळूहळू सोडा. चुना डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते. चष्मा आणि मोजे हवेतच. काठीनं एकाच दिशेला सावकाश फिरवा. पाणी उसळून हवा मिसळेल असं घुसळू नका. झाकण ठेवा, पहिले तीन तास दर अर्ध्या तासानं ढवळा.

काही तासांत, कधी दुसऱ्या दिवशी, रांजण तयार होतो. वर तांबूस-जांभळी चकाकती साय येते, मधे निळ्या फेसाचं फूल जमतं, आणि साय बाजूला सारून पाहिलं की खालचं पाणी मधासारखं पिवळसर, स्वच्छ असतं. पांढरी कागदाची पट्टी बुडवून काढा. हिरवी निघून हवेत निळी झाली पाहिजे.

पाणीच निळं दिसत असेल तर निळीचं क्षपण झालेलं नाही, म्हणजे ती पाण्यात विरघळणाऱ्या पिवळसर रूपात आलेली नाही. ५० ग्रॅम फ्रुक्टोज घाला, गार झालं असेल तर थोडं गरम पाणी घाला, तासभर थांबा. साय नाही, कापड फिकं करडं निघतंय, तर चुना कमी पडला. पीएच पट्टीवर १०.५ च्या खाली असेल तर ५० ग्रॅम चुना घाला. दोन्ही उपाय एकदम करू नका, नाहीतर कशानं सुधारलं हे कळत नाही.

कापड सोडण्याआधी दोन गोष्टी. पाणी ३० अंशाच्या खाली येऊ द्या, गरम रांजणात खळ मऊ पडते. आणि ढवळल्यानंतर किमान तासभर जाऊ द्या. तळाला चुन्याचा गाळ बसतो, पिंपाच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. कापड त्याला टेकलं तर पांढरे-करडे चट्टे पडतात. गाळाच्या वर राहील अशी प्लास्टिकची जाळी टांगा.

बुड्या

खळीचं कापड आधी भिजवू नका. कोरडंच, पंख्यासारख्या सैल घड्या घालून, कडेनं हळूहळू सोडा, म्हणजे घड्यांतली हवा निघून जाईल. पाच मिनिटं ठेवा. हातानं चोळायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही. पृष्ठभागाजवळ निथळत वर काढा आणि उलगडून टांगा. हिरव्याचं निळं व्हायला वीस मिनिटं द्या. घडीच्या आत हिरवं राहिलं असताना पुन्हा बुडवलं तर तिथे फिका पट्टा पडतो.

अशा तीन बुड्यांनंतर कापड पूर्ण वाळवा, खळ पुन्हा कडक होऊ द्या, मग पुढच्या तीन. गडद निळ्यासाठी आठ तरी लागतात. ओलं असताना रंग आहे त्यापेक्षा दोन छटा गडद दिसतो, म्हणून वाळल्यावरच ठरवा. सुटलेले खळीचे तुकडे चाळणीनं काढत राहा, ते आत राहिले तर सडतात आणि रांजण बिघडतो.

सगळ्या कृतीत सर्वात मोठी चूक होते ती इथेच. आठ पातळ बुड्या आणि दोन दाट बुड्या ओल्या कापडावर सारख्याच दिसतात. फरक कळतो धुतल्यावर. पातळ रांजणातली नीळ प्रत्येक वेळी थोडी आत शिरते. दाट रांजणातली धाग्यावर थर होऊन बसते आणि अंगाला, हाताला, पांढऱ्या कपड्याला लागते.

आबेओकुटाचा धंदा याच मुद्द्यावर अडला होता. पहिल्या महायुद्धानंतर कृत्रिम नीळ आणि कॉस्टिक सोडा बाजारात आले. एलू आंबवायला लागणारा आठवडा वाचला, कुणालाही रंगारी होता येऊ लागलं, मालाचा पूर आला. पाठोपाठ रंग सुटल्याच्या आणि कापड विरल्याच्या तक्रारी आल्या, आणि १९३० च्या आसपास जागतिक मंदीत मागणी कोसळली. युरोपीय कंपन्यांकडून उधारीवर कापड उचललेल्या बायका कर्जात सापडल्या. अलाकेनं कॉस्टिक सोडा आणि कृत्रिम रंगावर बंदी घातली. बायकांनी ती निमूटपणे मानली नाही. त्या वसाहत सरकारकडे गेल्या, वकील दिला, चौकशी बसवायला लावली. त्यांचं म्हणणं साधं होतं: खर्च कमी ठेवल्याशिवाय या भावात माल विकता येत नाही, आणि खर्च कशानं कमी करायचा हे राजानं ठरवू नये.

तंत्राच्या बाजूनं बोलायचं तर दोघांचंही थोडं खरं होतं. कॉस्टिक सोडा आणि हायड्रोसल्फाइट (निळीचं क्षपण करणारी पूड) यांचा रांजण नीट मोजून, पातळ ठेवून केला तर त्याचा रंग पक्का येतो. आज बहुतेक कारागीर तेच वापरतात. पण अंदाजानं दाट केलेला रांजण माल बिघडवतोच. शिवाय कॉस्टिक खळ विरघळवतो, म्हणून त्या रांजणात बुड्या लहान ठेवाव्या लागतात. हायड्रोसल्फाइट वापरणार असाल तर कोरड्या डब्यात ठेवा, ओल लागली तर ते तापून पेट घेऊ शकतं. कॉस्टिक नेहमी पाण्यात घाला, पाणी कॉस्टिकवर ओतू नका.

खळ काढणं, कुंदी

शेवटच्या बुडीनंतर कापड रात्रभर हवेवर ठेवा. मग थंड पाण्यात तासभर भिजवा. खळ फुगते. बोथट सुरीच्या पाठीनं किंवा प्लास्टिकच्या पातीनं एका दिशेनं सोडवा. नखांनी ओरबाडलं तर त्या जागी रंग निघून पांढरी चरे दिसतात. चुन्यामुळे कापड राठ लागतं. बादलीभर पाण्यात अर्धा कप व्हिनेगर घालून दहा मिनिटं बुडवा, मग साबणानं धुवा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुणं सोडू नका. हे धुणं अर्धवट ठेवलं की गिऱ्हाइकाची तक्रार येते.

योरुबा रीतीत तयार कापडाला लाकडी मोगरीनं कुंदी करत. घडी घालून ओंडक्यावर ठेवून ठोकलं की धागे चपटे होतात आणि निळ्यावर धातूसारखी झाक येते. इस्त्रीनं ती येत नाही.

दर कसा धरायचा

कापड, पीठ, नीळ यांचा खर्च सगळे धरतात. सुटते ती मेहनत. चितारायला लागलेले तास, बुड्यांमधलं थांबणं, वाळवण्याचे दिवस, आणि बिघडलेल्या पट्ट्या. दहातल्या किती पट्ट्या बिघडतात याची वही ठेवा आणि त्यांचा खर्च चांगल्या पट्ट्यांवर वाटा. कापड उधारीवर घेतलं असेल तर व्याजही. विक्रीला तीन महिने लागले तर नफा व्याजात जातो. आबेओकुटाच्या बायका यातच बुडाल्या होत्या.

आणि कर. आबेओकुटात बायकांवर पुरुषांपासून वेगळा, सरसकट कर होता. धंदा चालो न चालो, आकडा तोच, आणि मुलींना तो पंधराव्या वर्षापासून लागू होई. दुसऱ्या महायुद्धात बाजारकरणींचा तांदूळही जप्त होऊ लागला. फुन्मिलायो रॅन्सम-कुटी या शाळा चालवणाऱ्या शिकलेल्या बाई. १९४४ साली त्यांनी काढलेला आबेओकुटा लेडीज क्लब बाजारातल्या बायकांना धरून वाढला आणि १९४६ मध्ये आबेओकुटा विमेन्स युनियन झाला. रॅन्सम-कुटींनी युरोपीय फ्रॉक सोडून योरुबा पद्धतीनं नेसायला सुरुवात केली आणि सभांत योरुबातच बोलू लागल्या, कारण फ्रॉकवाल्या बाईपुढे बाजारकरीण मोकळी होत नव्हती. कपड्याचं राजकारण म्हणजे काय हे समजायला एवढं एक उदाहरण पुरे.

युनियननं वर्गणी जमवली, वकील नेमला, आणि स्थानिक कारभाराचे हिशेब लेखापालाकडून तपासून घेतले. बायकांवरचा सरसकट कर काढा आणि परदेशी कंपन्यांवर कर लावा, अशी मागणी केली. १९४७ च्या अखेरीस हजारो बायका राजवाड्यासमोर रात्रंदिवस बसल्या. जानेवारी १९४९ मध्ये अलाकेनं गादी सोडली, तो कर गेला, अंतरिम कौन्सिलात बायका बसल्या. पुढच्याच वर्षी, १९५० च्या अखेरीस, अलाके परत गादीवर आले. हा भाग लोक सांगायचं टाळतात.

विकत घेणाऱ्यानं यातून घ्यायचं ते एवढंच: घासाघीस करताना आपण कापडाचा भाव पाडत नसतो, ते आधीच गिरणीच्या भावानं आलेलं असतं. भाव पडतो तो फक्त चितारणाऱ्या आणि रंगवणाऱ्या हाताचा.

छापील नकल ओळखणं

आबेओकुटातला इटोकू हा आदिरेचा मोठा बाजार. आज तिथेही आयात केलेलं, आदिरेसारखी नक्षी यंत्रावर छापलेलं कापड गठ्ठ्यांनी मिळतं. स्वस्त कापड विकण्यात काही गैर नाही, ते आदिरे म्हणून विकण्यात आहे. कापड हातात घ्या आणि असं बघा.

आधी उलटी बाजू. एलेकोत सुलटीकडे नक्षी फिकट निळी आणि स्पष्ट असते, उलटीकडे नक्षीमागचं निळं तेवढंच गडद आणि नक्षी पुसट. छापील कापडात उलटी बाजू एकूणच फिकी, धुतल्यासारखी असते.

मग एकच आकृती दोन ठिकाणी शोधा. मासा घ्या, त्याच्या शेपटीच्या रेघा मोजा. हातानं काढलेले दोन मासे कधीच सारखे नसतात. छापील कापडात ठराविक अंतरावर तोच मासा, त्याच चुकीसह परत येतो.

नंतर ओलं पांढरं फडकं घेऊन दहा वेळा घासा. नव्या, निळीच्या कापडाचा थोडा रंग लागणारच. फडकं गडद निळं झालं तर बुड्या दाट आहेत. अजिबात काही लागलं नाही तर ते बहुधा छापील आहे, किंवा खूप धुतलेलं जुनं.

खात्री हवी असेल तर कडेचा एक धागा काढून हायड्रोसल्फाइट आणि वॉशिंग सोड्याच्या कोमट पाण्यात टाका. निळीचा धागा पिवळा होतो आणि बाहेर काढल्यावर हवेत पुन्हा निळा होतो. इतर बहुतेक रंगांचा धागा असा परत फिरत नाही. पण यातून नीळ झाडाची की कारखान्याची हे कळत नाही. दोन्हींत रेणू एकच आहे. नुसतं बघून 'ही नैसर्गिक नीळ' असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

बारीक फुटकळ निळ्या शिरा, दोन्ही बाजूंनी स्वच्छ पांढरी नक्षी आणि एकापेक्षा जास्त रंग दिसले तर ते मेणाचं आदिरे. त्याला तिकडे 'कंपाला' म्हणतात. १९७० च्या दशकापासून ते जोरात आहे. तेही हाताचंच, फक्त एलेको नव्हे.

आफ्रिकी वॅक्स प्रिंट ही आणखी वेगळी गोष्ट. ते यंत्रावर होतं, आणि त्यातला नावाजलेला कारखाना व्लिस्को हा १८४६ पासून नेदरलँड्समधल्या हेल्मोंडचा. टोगोतल्या लोमे शहरात या मालाच्या घाऊक व्यापारावर बायकांनी हुकमत बसवली. त्यांच्या मर्सिडीज गाड्यांवरून त्यांना नाना बेंझ म्हणत. एकेका नक्षीच्या विक्रीचा हक्क एकेकीकडे असे. जानेवारी १९९४ मध्ये टोगोत चालणाऱ्या सीएफए फ्रँक या चलनाची किंमत निम्मी झाली, डच माल परवडेना, आणि मागून चिनी नकला आल्या. त्या बायका माल विकत होत्या, आबेओकुटाच्या बायका माल बनवत होत्या. नकलेनं मार दोघींनाही बसला.

विकायला ठेवताना काय लिहायचं

ऑनलाइन विकत असाल तर 'आफ्रिकी प्रिंट' एवढंच लिहून भागवू नका. पद्धत लिहा: एलेको, ओनिको, अलाबेरे, मेण, की छापील. गाव लिहा. चितारणारीचं नाव तिची परवानगी असेल तर लिहा, आणि रंगवणारी वेगळी असेल तर तिचंही. कापडाचा प्रकार, माप धुण्याआधीचं की नंतरचं, नीळ कोणती, किती बुड्या. फोटो सुलट्या आणि उलट्या दोन्ही बाजूंचे टाका. नक्षीला जुनं नाव असेल तर ते द्या, पण तुम्ही स्वतः रचलेल्या नक्षीला योरुबा नाव चिकटवू नका.

धुण्याची सूचना सोबत द्या: पहिल्या तीन-चार वेळा वेगळं, थंड पाण्यात, सौम्य साबणानं, ब्लीचशिवाय. सावलीत, उलट्या बाजूनं वाळवायचं. घडी दर दोन महिन्यांनी बदलायची, नाहीतर घडीच्या कडेला नीळ झिजून पांढरी रेघ पडते.